आवाज गेला त्या वर्षीची चित्रं

माझा आवाज मोठा होता आणि मला त्याचा अभिमान होता. वसईतल्या एका मराठी शाळेत मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवत होते. वर्गात साठ-बासष्ट मुलं, पंखा एकच, तोही मागच्या कोपऱ्यात, आणि खिडकीखाली रिक्षास्टँड. तरी शेवटच्या बाकावरच्या मुलाला माझी कविता शब्दन्‌शब्द ऐकू जायची. पंधरा ऑगस्टला मैदानावर ‘सावधान-विश्राम’ द्यायला मुख्याध्यापिकाबाई मलाच उभं करायच्या, कारण माईक ऐनवेळी दगा द्यायचा आणि मी कधी देत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला आम्ही एव्हरशाईन सिटीत राहायला आलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक, पुढे गॅलरी. नवरा वालीवच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर होता, लेक दुसरीत होती. संध्याकाळी गॅलरीतून मी तिला एकच हाक मारायचे आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगमधली मुलं खेळ आवरायची. “तुझी हाक म्हणजे कारखान्याचा भोंगा,” असं नवरा म्हणायचा. मला ते आवडायचं.

मग गळ्यात गाठ आली. थायरॉइडची. मुंबईतल्या हॉस्पिटलात नाताळच्या सुट्टीत ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी नर्सने विचारलं, “कसं वाटतंय?” मी “बरं वाटतंय” म्हणाले आणि काहीच ऐकू आलं नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा एक फुसका आवाज तेवढा बाहेर पडला.

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, बोलताना त्या एकमेकींना भेटतात. माझी डावी पट्टी हलत नव्हती. गाठ नसेला चिकटून वाढली होती, ती सोडवताना नस दुखावली गेली. “सहा महिने, कदाचित वर्षभर वाट बघू,” ते म्हणाले. “बऱ्याचदा नस पुन्हा काम करायला लागते.”

मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, “आणि नाही लागली तर?”

“तर आहे त्यात भागवायला शिकायचं. व्यायाम असतात. ते करायचे.”

घरी आले तेव्हा बोलण्यापेक्षा पाणी पिणं अवघड झालं होतं. घोट चुकला की ठसका लागायचा आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं. दोन शब्द बोलले तरी चार जिने चढल्यासारखा दम लागायचा. लोकांचंही विचित्र होतं. माझा आवाज गेला होता, कान शाबूत होते, पण शेजारणी माझ्याशी मोठ्याने, हातवारे करत बोलायला लागल्या. नवराही एका संध्याकाळी माझ्यासमोर चिठ्ठी ठेवून उभा राहिला. तिच्यावर लिहिलं होतं, ‘भात लावू का?’ मी खाली लिहिलं, ‘मला ऐकू येतं.’ त्याने ते वाचलं, कानशिलं लाल झाली, आणि आत जाऊन तो तांदूळ धुवायला लागला.

लेकीला हाक मारता येईना म्हणून मी गॅलरीत उभी राहून स्टीलची थाळी पळीने वाजवायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती वर आली, चप्पल न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आई, थाळी नको ना वाजवूस. सगळे हसतात.”

त्यानंतर मी गॅलरीत जाणं सोडलं. हळूहळू खाली जाणं सोडलं. कुणी बेल वाजवली तर दार उघडायचं सोडलं. शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज पाठवला. सकाळी दोघं निघून गेली की मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसून राहायचे. रडायलाही आवाज लागतो, हे मला तेव्हा कळलं. नुसतं पाणी वाहतं, मोकळं होत नाही काही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी बेल वाजली आणि वाजतच राहिली. शेवटी दार उघडलं तर शाळेतले ड्रॉइंगचे सर. पन्नाशी ओलांडलेले, वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातले, अतिशय अबोल. शाळेत त्यांना फारसं कुणी मोजत नसे. परीक्षा जवळ आल्या की त्यांचे तास आम्ही गणिताला, भाषेला मागून घ्यायचो. मी तर कितीदा घेतले असतील. ते नेहमी “घ्या, घ्या” म्हणत आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसत. ते माझ्या घरी येतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्या एका हातात स्वतःच्या वाडीतल्या केळ्यांची फणी होती, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी रंगांचा डबा, दोन ब्रश आणि चित्रकलेची वही काढून टेबलावर ठेवली. तब्येतीचं काही विचारलं नाही. इकडे तिकडे पाहिलं, भाजीच्या टोपलीतून एक वांगं उचललं आणि वहीच्या पुढ्यात ठेवलं.

“रोज एक चित्र काढायचं. याचंच. हे सुकलं की दुसरं घ्या.”

मी घशातून हवा ढकलत म्हणाले, “मला चित्र येत नाही.”

“मला बोलता येत नाही फारसं,” ते म्हणाले. “तरी पंचवीस वर्षं शिकवतोय ना.”

जाताना दारात थांबून म्हणाले, “बाई, डब्यातला काळा रंग मी काढून ठेवलाय. त्याच्याशिवाय करा.”

ते गेल्यावर मला राग आला. आवाज गेलेल्या बाईला वांगं काढायला सांगणं ही काय थट्टा आहे, असं वाटलं. दोन दिवस वही तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी, निव्वळ दुसरं काही करायला नव्हतं म्हणून, मी ब्रश उचलला. पहिलं वांगं म्हणजे देठ चिकटवलेला जांभळा फुगा झाला. दुसरं त्याहून वाईट. चौथ्या दिवशी चिडून पान फाडलं, आणि मग वांग्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं म्हणायला हरकत नाही, जरी आयुष्यभर चिरत आले होते.

ते काळं नव्हतंच. खिडकीच्या बाजूला त्यावर आकाशाचा निळसर तुकडा होता. खाली टेबलाच्या लाकडाचा तांबूस रंग वर चढला होता. मधे जांभळा, पण तोही एक नव्हता. देठाजवळ, टोपीच्या सावलीत, अगदी फिकट हिरवट पट्टी होती, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. तो हिरवा मिसळायला मला तासभर लागला. जमला तेव्हा घड्याळात पाहिलं तर साडेबारा वाजले होते. लेक शाळेतून यायची वेळ झाली होती आणि सकाळपासून मला एकदाही आपल्या गळ्याची आठवण झाली नव्हती.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी मला श्वासाचा व्यायाम दिला होता. पोट भरून श्वास घ्यायचा आणि ‘स्स’ करत सावकाश सोडायचा, मनात आकडे मोजत. धडधाकट माणूस वीसपर्यंत जातो. मी पाचला संपायचे, कारण न मिटणाऱ्या पट्टीतून हवा निसटून जायची. तो व्यायाम मला नकोसा झाला होता. रोज पाचवर नापास होणं कुणाला आवडेल? एके दिवशी वांग्याची कड काढताना ब्रश थरथरत होता. तो स्थिर राहावा म्हणून मी श्वास घेतला आणि सोडता सोडता रेघ ओढली. देठापासून निघालेली रेघ अर्ध्यावर आली आणि श्वास संपला, तिथेच ब्रश थांबवला. बाकीच्या रेघांपेक्षा तेवढी अर्धी रेघ जिवंत होती.

मग तोच नाद लागला. एक श्वास, एक रेघ. आकडे मोजणं सोडलं. श्वास कुठवर गेला ते कागदावरच दिसायचं. मार्चच्या शेवटी एका सकाळी रेघ देठाकडून निघाली, बुडाला वळली आणि दुसऱ्या बाजूने वर चढत देठाला येऊन मिळाली. मी ब्रश खाली ठेवला आणि जागेवरून उठून घरभर एक फेरी मारली. कुणाला सांगावं ते कळेना. संध्याकाळी नवऱ्याला वही दाखवली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “हे वांगं आजच आणलेलं दिसतंय.” तो कौतुक करत होता हे मला समजलं.

त्या दिवसांबद्दल मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. ध्यानाला बस, मन एकाग्र कर, असं मला आधीही पुष्कळांनी सांगितलं होतं. डोळे मिटले की माझ्यापुढे ऑपरेशनचं टेबलच उभं राहायचं. डोळे उघडे ठेवून, समोरच्या एका वस्तूकडे बघत राहणं मात्र मला जमलं. तेवढा वेळ मी आवाज गेलेली बाई नसायचे. नुसती बघणारी असायचे.

ईस्टरनंतरच्या रविवारी सरांनी आम्हाला तिघांना घरी जेवायला बोलावलं. मागे केळीची वाडी, वाडीत एक जुनं बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी पाणी साठवायचं तळं. जेवण झाल्यावर सर मला आतल्या खोलीत घेऊन गेले. भिंतीला टेकून चित्रांची चळत उभी होती. मी एकेक पुढे घेत गेले. प्रत्येक चित्रात तेच बावखल. सकाळचं, संध्याकाळचं, शेवाळलेलं, आटलेलं, काठोकाठ भरलेलं.

“किती आहेत?” मी कुजबुजले.

“मोजली नाहीत. बायको गेली त्या वर्षी रोज एक काढलं.”

हातातलं चित्र मी परत चळतीला टेकवून ठेवलं. मग विचारलं, “बरं वाटलं?”

सरांनी प्रश्नावर खरोखर विचार केला. “वर्षभराने जेवणाची चव कळायला लागली,” ते म्हणाले. “तोवर वहिनी मीठ घालायला विसरली तरी मला समजत नव्हतं.”

शाळेत आठ वर्षं आम्ही एका टेबलाशी चहा प्यायलो होतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचे तास मागून घेतल्याची लाज वाटली. तसं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “आता वांगं पुरे झालं. घराबाहेर निघा. अर्नाळ्याला समुद्रावर जा. तिथे सगळं हलतं असतं, तुमच्यासाठी थांबत नाही. त्याची चित्रं काढा.”

बाहेर निघायचं मला भय वाटत होतं, पण माझी सगळी चित्रं त्या चळतीपुढे इतकी थोडी होती की नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मे महिन्यात, लेकीला शेजारी सोडून, मी विरारहून अर्नाळ्याची बस पकडली. वाळूवर छत्री उघडून बसले. समोर पाण्यात किल्ला, अलीकडे होड्या, आणि बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या. कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. आठवड्यातून दोनदा जायला लागले.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला साठीची एक कोळीण माझ्या मागे येऊन उभी राहिली. डोक्यावरची रिकामी पाटी तिने खाली ठेवली आणि वहीत वाकून पाहिलं.

“बाय, ही होरी पान्यात बसलीच नाय,” ती म्हणाली. “वरती ठेवल्यावानी दिसते.”

मी पाहिलं. तिचं बरोबर होतं. होडीचा बुडालेला भाग मी सोडून दिला होता. मी मान डोलावली आणि दुरुस्त करायला घेतलं.

“तुला बोलता येत नाय का?”

परक्या माणसापुढे तो फुसका आवाज काढण्यापेक्षा गप्प राहणं मला सोपं वाटलं. मी पुन्हा मान हलवली. तिने मला मुकी ठरवलं आणि शेजारी बसकण मारली. त्या दिवसापासून मी दिसले की ती यायची आणि बोलत राहायची. गुडघे, जावई, होडीचं इंजिन, सुनेचा फटकळपणा, सगळं. “मुक्या मानसाला सांगितलेला बाहेर जात नाय,” असं तिने मला एकदा समजावलं. मी मनात तिला मावशी म्हणायला लागले होते.

जूनमध्ये होड्या वर ओढून घेतल्या. लेकीची शाळा सुरू झाली होती, त्यामुळे माझ्या सकाळी मोकळ्या होत्या. मावशीची होडी किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर उभी होती, रंग पापुद्रे धरून सुटलेला. दर पावसाळ्यात ती रंगवणारा पेंटर गावाला गेला होता, तो परतला नव्हता. मावशीने होडीच्या पुढच्या टोकावर हात ठेवला. “हितं दोन घोल मासे पायजेत. समोरासमोर. आनि खालून लाल पट्टा. तू काड.”

मी दोन्ही हातांनी नकार दिला. वहीतलं पान वेगळं आणि ही माझ्या डोक्याच्या वर जाणारी होडी वेगळी.

“काडशील,” ती म्हणाली आणि निघून गेली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा वाटलं, तोही नको म्हणेल. त्याने कामाची वही उघडून विचारलं, “लांबी किती आहे?” दुसऱ्या दिवशी वालीव नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून तो ऑइलपेंटचे डबे, टर्पेंटाइन, पॉलिशपेपर आणि चार रुंद ब्रश घेऊन आला. रविवारी माझ्याबरोबर अर्नाळ्याला येऊन जुना रंग खरवडायला लागला. मावशीचा नवरा आणि तो, दोघं दोन बाजूंनी खरवडत इंजिनांबद्दल बोलत होते. मधेच नवऱ्याने मला नेहमीच्या आवाजात हाक मारली, “अगं, तो पंचा दे इकडे.” हातवारे नाहीत, चिठ्ठी नाही. ऑपरेशननंतर त्याने मला अशी हाक पहिल्यांदाच मारली. मी पंचा फेकला तो त्याच्या तोंडावर बसला, आणि मावशीचा नवरा हसत सुटला.

पाऊस उघडला की काम, लागला की प्लॅस्टिक टाकून थांबायचं, असं चाललं होतं. निळा रंग दोन हात दिला. मग माशांची आखणी केली. घोळ मासा मी बाजारात पाहून, चितारून आणला होता. पहिला मासा पुरा झाला तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“खवला चांगला हाय. शेपटी चांगली हाय. डोला मेलेला हाय.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“बाजारातला बगून काडलास ना? ह्यो मेला मासा हाय. माज्या होरीवर जिता पायजे.”

दुसऱ्या दिवशी तिने खाडीतला एक बोय मासा पातेल्यात जिवंत आणून माझ्यापुढे ठेवला. घोळ नव्हे, पण डोळा तर डोळाच. मी त्या पातेल्याशी उकिडवी बसून सकाळभर बघत राहिले. मेलेल्या माशाचा डोळा सगळीकडे सारखा पांढुरका असतो. जिवंत माशाच्या डोळ्याला काठाने चांदीची कडी असते, आतला काळा खोल असतो, आणि वरच्या बाजूला उजेडाचा एक बारीक ठिपका. मासा वळला तरी तो ठिपका वरच राहतो. मी शिडीवर चढले आणि आधीचा डोळा पुसून नवा काढला. शेवटी तो पांढरा ठिपका दिला आणि खाली उतरून मागे सरकले. मासा मला बघत होता.  मावशीने बोय मासा खाडीत परत सोडला.

शेवटी लाल पट्टा उरला होता. होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फळ्यांच्या वळणाबरोबर जाणारी त्याची वरची कड सरळ यायला हवी होती. मी वांग्याचीच रीत धरली. श्वास घ्यायचा, सोडत सोडत ब्रश न्यायचा, श्वास संपला की थांबायचं, पुन्हा घ्यायचा. पाऊल पाऊल बाजूला सरकत मी होडीच्या मध्यापर्यंत आले होते. मागून मावशी म्हणाली, “बाय, तू गुनगुनतेस.”

मी थांबले.

“थांबू नको. सुरू ठेव. मगापासून मी आयकते.”

मी पुन्हा श्वास घेतला, ब्रश टेकवला आणि या वेळी कान देऊन ऐकलं. श्वासाबरोबर घशातून एक हलका, खरखरीत ‘म्म’ निघत होता. हवा नव्हे, आवाज. छातीच्या हाडावर हात ठेवला तर तिथे तो थरथरताना लागत होता. किती दिवसांपासून येत होता, देव जाणे. होडीकडे लक्ष असल्यामुळे मला कळलंच नव्हतं. मी वळले आणि सहा-सात महिन्यांत घराबाहेरच्या माणसाशी पहिल्यांदाच खऱ्या आवाजात एक सबंध वाक्य बोलले.

“मावशी, मी मुकी नाही. माझा आवाज गेला होता.”

आवाज जाड होता, पुरुषी म्हणावा इतका, आणि मधेच फाटत होता. पण आला होता. मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

“म्हंजे मी सुनेचा सगला सांगितला, तो तुला आता बाहेर सांगता येनार.”

मला हसू आवरेना. ती पण हसायला लागली. मग पदराने माझ्या गालावरचा लाल रंग पुसून म्हणाली, “आवाज जाडा हाय. पन आयकू येतो. आमच्या वाऱ्यात असाच लागतो.”

नारळी पौर्णिमेला आम्ही तिघं सकाळीच अर्नाळ्याला पोचलो. होड्या पताकांनी सजल्या होत्या. पूजा झाली, नारळ वाहिले, आणि बायाबापड्यांनी दोर धरून मावशीची होडी पाण्याकडे ओढली. लेक आणि नवरा पण दोर ओढत होते. होडी पाण्यात शिरली, जरा डुलली आणि लाल पट्टा पाण्याच्या वर चार बोटं राहील अशी बसली. माझे दोन मासे लाटेबरोबर वर उठले. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी विचारलं, “पेंटर कोन?” मावशीने मला दंडाला धरून पुढे ओढलं. “ही. आमची बाय.” माझी लेक तिच्या शेजारच्या अनोळखी मुलीला सांगत होती, “ती माझी आई आहे.” थाळीच्या दिवसानंतर तिने ते असं कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मला एवढं ताठ उभं राहिल्याचं आठवत नाही, मैदानावर ‘सावधान’ देतानाही नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई मायेने बोलल्या. “तुम्ही ऑफिसचं काम बघा,” त्या म्हणाल्या. “किंवा वाचनालय. या आवाजात साठ मुलं कशी सांभाळणार?”

“मला वर्ग हवा,” मी म्हणाले. “एक महिना द्या. नाही जमलं तर मीच सांगेन.”

त्यांनी मला तिसरीचा सगळ्यात दंगेखोर वर्ग दिला. मुद्दाम नसावा, तोच रिकामा होता. मी आत शिरले तेव्हा निम्मी मुलं बाकांवर उभी होती. पूर्वीची मी असते तर एका आरोळीत खाली बसवली असती. मी काही न बोलता फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि एका श्वासात खाडीची काठरेघ ओढली. मग दुसऱ्या श्वासात होडी. मग जाळं, माणूस, घार. मागचा गलका कमी कमी होत गेला. “अरे, बघू दे ना,” असं कुणीतरी कुणालातरी दटावलं. मी वळले तेव्हा सगळी बसली होती, आणि मागच्या रांगेतली मुलं माना उंचावून फळा बघत होती.

“यात कायकाय दिसतं?” मी विचारलं.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी त्यांना “शू” केलं. मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी गेलं.

एक मुलगी उभी राहिली. “बाई, तुमच्या आवाजाला काय झालं?”

मी फळ्यावर दोन पट्ट्या काढून दाखवल्या, डॉक्टरांनी मला दाखवल्या होत्या तशा. एक हलते, एक हलत नाही. “म्हणून मी हळू बोलते. तुम्ही गप्प बसलात तरच ऐकू येईल.”

एवढंच. आठवडाभराने मुख्याध्यापिकाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तास संपल्यावर मला म्हणाल्या, “तुमच्या वर्गातून आवाजच येईना. मला वाटलं, मुलं मैदानावर सोडलीत की काय. म्हणून बघायला आले.” महिना कधी संपला, त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ड्रॉइंगच्या सरांचा तास मात्र मी पुन्हा कधी मागितला नाही. त्या वर्षी दुसऱ्या कुणी मागितला की मीच सरांच्या वतीने नाही म्हणायचे.

वर्षाने डॉक्टरांनी घशात नळी घालून तपासलं. डावी पट्टी अजूनही हलत नव्हती. उजवीने मात्र आपली हद्द ओलांडली होती, ती पलीकडे जाऊन डावीला भेटत होती. “व्यायाम नेटाने केलेले दिसतात,” डॉक्टर म्हणाले. मी त्यांना वांग्याचं आणि होडीचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांनी केसपेपरवर ‘व्यायाम’ असंच लिहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. नस बरी झाली नव्हती हे खरंच होतं. मी बरी झाले होते.

दोन हजार साल उलटून गेल्यावर सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणाला कोण, अशी स्टाफरूममध्ये चर्चा निघाली तेव्हा मी हात वर केला.  निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये सगळी शाळा होती, पालक होते, सरांच्या गावची माणसं होती. मी बावखलाबद्दल बोलले नाही, ते त्यांचं होतं. वांग्याबद्दल बोलले, काळा रंग काढून घेतल्याबद्दल बोलले, आणि त्यांचे किती तास मी मागून घेतले तेही सांगितलं. चार-पाच मिनिटं झाली असतील. आवाज दोनदा फाटला, मी थांबले, श्वास घेतला आणि पुढे बोलले. 

कार्यक्रमानंतर सर हार हातात धरून माझ्याकडे आले. 

“माईक जरा जवळ धरायला हवा होता,” ते म्हणाले.

“आवाज मागपर्यंत गेला ना पण?” मी विचारलं.

“गेला,” ते म्हणाले. “मी मुद्दाम मागे जाऊन उभा होतो.”